रॉकेट लीग: बॉल समोर असतो, गाडी भलतीकडेच जाते. नवशिक्याने आधी काय शिकावं?

बंपरठोक

रॉकेट लीग, म्हणजे गाड्यांनी बॉल गोलमध्ये घालायचा खेळ, नुकताच सुरू केलाय. ट्युटोरियल झालं, लेव्हल १४ झाली, २ विरुद्ध २ रँक्डच्या (दर्जा ठरवणाऱ्या मॅचच्या) दहा प्लेसमेंट मॅच खेळून ब्राँझ ३ हा खालचा दर्जा मिळाला. पीसीवर खेळतो, वायरवाला एक्सबॉक्स कंट्रोलर, गाडी ऑक्टेन. सेटिंग्ज जशी आली तशीच आहेत, काही बदललेलं नाही.

अडचणी अशा: पूर्ण बूस्ट मारत जातो (बूस्ट म्हणजे गाडीला मागून मिळणारा जादा जोर), पण शेवटच्या क्षणी बॉल बाजूने नाहीतर टपावरून निघून जातो आणि गाडी भिंतीवर. लागला तरी गोलकडे न जाता कोपऱ्यात जातो. बूस्ट कायम शून्य. फ्लिप (हवेतली कोलांटी) मारायला जावं तर गाडी तिरकी कोलमडते. बॉल मागे गेला की कॅमेरा गरकन फिरतो आणि आपला गोल कुठल्या बाजूला तेच समजत नाही.

व्हिडिओंमध्ये सगळे हवेतले गोल शिकवतात. ते आत्ताच शिकायचं का? गाडी बदलून काही फरक पडतो का? "सराव कर, येईल" हे माहीत आहे, सराव कशाचा करायचा ते सांगा.

कोपऱ्यातला_बूस्ट

गाडीचं आधी उरकतो. ऑक्टेनच राहू दे. कमाल वेग आणि बूस्टची ताकद सगळ्या गाड्यांना सारखीच असते. फरक असतो हिटबॉक्सचा, म्हणजे बॉलला प्रत्यक्षात जो अदृश्य खोका लागतो त्याचा. त्याचे प्रकार सहाच: ऑक्टेन, डॉमिनस, प्लँक, ब्रेकआउट, हायब्रिड, मर्क. दिसायला गाड्या ढीगभर, पण प्रत्येक गाडी या सहांपैकी एका खोक्यात बसते. फेनेकसाठी लोक जीव टाकतात, तिचा खोका ऑक्टेनचाच आहे. चाकं, रंग, बूस्टचा धूर हे नुसतं मिरवायला. आणि जाता जाता: खेळाडूंमधली ट्रेडिंग डिसेंबर २०२३ मध्येच बंद झाली. "लॉगिन दे, भारी आयटम पाठवतो" म्हणणारा भेटला तर सरळ ब्लॉक कर.

कॅमेरा मात्र आजच बदल. कॅमेरा शेक बंद. फील्ड ऑफ व्ह्यू (किती रुंद दिसतं ते) ११०, त्याच्या वर जातच नाही. डिस्टन्स २७०, हाइट १००, अँगल उणे ४, स्टिफनेस ०.४०, ट्रान्झिशन स्पीड १.२०. डिस्टन्स दहाने कमीजास्त केलास तर आभाळ कोसळत नाही, पण फील्ड ऑफ व्ह्यू ११०च ठेव. तो ९० वर असला की बाजूचे छोटे बूस्ट पॅड आणि कुशीत घुसणारा प्रतिस्पर्धी दिसतच नाहीत. वाढवल्यावर सुरुवातीला बॉल आहे त्यापेक्षा लांब वाटेल आणि उडीची वेळ चुकेल. घाबरून परत मागे नेऊ नकोस. अंतराचा अंदाज डोळा त्या चित्रावर बसवतो, चित्र रोज बदललं तर तो बसणारच कधी?

आता बटणं. मूळ मांडणीत 'ए'वर जंप, 'बी'वर बूस्ट, 'एक्स'वर पॉवरस्लाइड (घसरत वळणं) आणि 'वाय'वर बॉलकॅम (सतत बॉलकडे रोखलेला कॅमेरा). चारही कामं एकट्या उजव्या अंगठ्याच्या गळ्यात. बूस्ट धरून जंप मारायची तर अंगठा उचलावा लागतो आणि बूस्ट तुटतो. म्हणून बूस्ट 'आरबी'वर (कंट्रोलरच्या वरच्या कडेचं उजवं बटण) ने आणि पॉवरस्लाइड व एअर रोल (हवेत गाडी कुशीवर फिरवणं) दोन्ही 'एलबी'वर (तिथलंच डावं). तिथे आधीपासून काही असेल तर ते मोकळ्या झालेल्या बटणांवर टाक. हे काम आत्ताच कर, कारण शंभर तासांनंतर तेच बदलायचं म्हणजे डाव्या हाताने जेवायला शिकण्यासारखं असतं.

शेवटचं, कंट्रोलर डेडझोन, म्हणजे स्टिक किती हलेपर्यंत खेळ तिकडे लक्ष देत नाही ते. ०.१० वर आण. मग फ्री प्लेमध्ये (एकट्याच्या मोकळ्या सरावात) जाऊन स्टिकवरचा अंगठा काढ आणि नुसता ॲक्सिलरेटर दाब. गाडी आपोआप एका बाजूला ओढायला लागली तर ०.०२ने वाढवत जा, सरळ चालेपर्यंत.

तिरकी_सोंगटी

सेटिंग्ज ठीकच आहेत, पण मुख्य चूक तुझ्याच चार शब्दांत आहे: "पूर्ण बूस्ट मारत जातो".

खेळाच्या आतल्या मापात नुसत्या ॲक्सिलरेटरवर गाडी १४१० पर्यंत जाते, बूस्ट किंवा फ्लिप मारून २३०० पर्यंत. पूर्ण वेगात वळणाचा घेर बूस्टशिवायच्या कमाल वेगातल्या घेराच्या दीडपटीहून मोठा होतो. त्यात बॉल भिंतीला लागून हातभर सरकला, की तुला तेवढं वळताच येत नाही. स्टिक पूर्ण दाबलेली असते, गाडी मात्र रुळावरून चालल्यासारखी पुढे. तुझा अंदाज चुकत नाहीये, अंदाज दुरुस्त करायला तू जागाच ठेवत नाहीस.

म्हणून नियम असा ठेव: बूस्ट बॉलपर्यंतचं अर्धं अंतर कापेपर्यंत, नंतर बंद. शेवटच्या चार-पाच गाड्यांच्या अंतरात गरज पडली तर ॲक्सिलरेटरही सोड. बॉल उसळत असेल तर त्याच्या खाली घुसू नकोस. एक टप्पा पडू दे, खाली येताना गाठ. बॉल हवेत असताना जमिनीवर त्याच्या बरोब्बर खाली एक वर्तुळ दिसतं. बॉल कुठे पडणार ते ते वर्तुळ सांगत नाही, आत्ता तो कुठल्या जागेच्या वर आहे एवढंच सांगतं. त्यामुळे वर्तुळावर गाडी नेलीस की तोवर बॉल पुढे गेलेला असतो. वर्तुळ कुठल्या दिशेने सरकतंय ते बघ आणि त्याच्या पुढे जाऊन थांब.

आता बॉल कोपऱ्यात का जातो. कॅरम खेळला असशीलच. सोंगटी पॉकेटमध्ये घालायची तर स्ट्रायकर तिला पॉकेटच्या बरोबर विरुद्ध अंगाला लागायला हवा. इथेही ढोबळमानाने तेच: गाडीच्या मध्यापासून बॉलच्या मध्यापर्यंत रेघ ओढ, बॉल त्या रेघेत पुढे सुटतो. गाडीचं तोंड कुठे आहे याला त्या मानाने कमी किंमत. तू जिथे असतोस तिथून नाकासमोर बॉलवर धावतोस, म्हणून बॉल तुझ्या नाकासमोर जातो आणि तिकडे नेमका कोपरा असतो.

उपाय म्हणजे घेर घेणं. समोरच्या गोलपासून बॉलमधून आपल्याकडे मनात रेघ ओढायची आणि आधी त्या रेघेवर गाडी आणायची. गोल डावीकडे पुढे असेल तर बॉलच्या उजवीकडून बाहेर जा, मग आत वळत मार. लांबचा रस्ता वाटतो खरा, पण गोल तिथूनच होतो. वळताना गाडी बाहेर फेकली जाते असं वाटलं तर पॉवरस्लाइड अर्धा सेकंद टोचून सोड. धरून ठेवलास की गाडी लट्टूसारखी फिरते आणि वेग जातो.

सरावासाठी बॉट्सबरोबर एक्झिबिशन मॅच लाव, अवघडपणा 'रूकी', आणि म्युटेटर्समध्ये (मॅचचे नियम बदलायच्या यादीत) बूस्ट अमाउंट 'नो बूस्ट' कर. रोज दोन मॅच. बूस्टच नसल्यावर जागा धरणं, घेर घेणं, टप्प्याची वाट बघणं झक मारत शिकावं लागतं.

पाव_टाकी

नो बूस्टचा सराव आठवडा-दोन आठवडे पुरे. त्यानंतरही तेच करत बसलास तर बूस्ट हाताशी असून वापरायचं सुचत नाही, असे खेळाडूही पाहिलेत.

बूस्टचा हिशोब एकदा डोक्यात बसव. टाकी १०० ची, बटण धरलं तर तीन सेकंदांत रिकामी. किकऑफला (बॉल मध्यभागी ठेवून खेळ सुरू होताना) ३३ मिळतो, म्हणजे एक सेकंदाचा ऐवज. मैदानात मोठे पॅड सहा: चार कोपऱ्यांत, दोन मध्यरेषेच्या दोन्ही टोकांना. मोठा पॅड टाकी पूर्ण भरतो आणि उचलल्यावर १० सेकंदांनी परत येतो. छोटे पॅड २८, प्रत्येकी १२ चे, ४ सेकंदांत परत.

नवशिके फक्त त्या सहांमागे धावतात. बॉल आपल्या गोलसमोर आणि हे महाशय कोपऱ्यात शंभर भरायला गेलेले. त्यापेक्षा आपल्या गोलकडे परत येताना रस्ता किंचित वाकडा करून तीन छोटे पॅड तुडवले की ३६ होतात. बचावाच्या एका उडीला आणि एका फटक्याला तेवढे पुरतात. पॅड कुठे कुठे आहेत ते पाठ करण्यासाठी फ्री प्लेमध्ये अमर्याद बूस्ट बंद करून पाच मिनिटं बॉलला हात न लावता नुसत्या फेऱ्या मार.

दुसरी गळती म्हणजे पूर्ण वेग आल्यावरही बूस्ट दाबून धरणं. चाकांमागे पांढरे पट्टे दिसायला लागले की गाडी सुपरसॉनिक झाली (२२०० च्या वर). त्यानंतर बूस्ट सोड, ॲक्सिलरेटर मात्र सोडू नकोस. तो दाबलेला असेल आणि सरळ जात असशील तर वेग टिकतो, सोडलास की गाडी मंदावते. आणि बूस्ट नसेल तर पुढे फ्लिप मार. एका फ्लिपने ५०० चा वेग वाढतो. १४१० वरून लागोपाठ दोन फ्लिप नीट बसले की बूस्टचा थेंबही न खर्चता सुपरसॉनिक.

बंपरठोक

कॅमेरा आणि बटणं बदलली. नो बूस्ट मॅचमध्ये बॉल खरंच जास्त लागतोय, वळणाचा मुद्दा पटला.

पण फ्लिप अजून तिरका जातो. आणि किकऑफला दोन गोष्टी होतात: एकतर मी आणि टीममेट दोघंही बॉलवर जातो, नाहीतर दोघंही "तू जा" म्हणत उभे राहतो. आणि बॉलकॅम चालू ठेवायचा की बंद?

उलटी_गाडी

फ्लिप तिरका जातो कारण दुसऱ्यांदा जंप दाबताना स्टिक ज्या कोनात असते त्याच कोनात गाडी फिरते. तू वळत वळत बॉलकडे येतोस, अंगठा अजून बाजूला झुकलेला असतो, त्याच अवस्थेत दोनदा 'ए' दाबतोस. अंगठ्याच्या क्रिया सुट्या कर: जंप, स्टिक मध्यभागी, स्टिक सरळ पुढे, जंप. फ्री प्लेमध्ये गोलच्या रेषेपासून समोरच्या गोलपर्यंत असे फ्लिप मारत जा, मैदानाच्या मधोमध. गाडी मधल्या रेघेवरून ढळली की समजायचं अंगठा सरळ गेला नाही. दहा फेऱ्या.

उलट त्रासही होतो: सरळ वर दुहेरी उडी मारायची असते आणि गाडी कोलांटी खाते. त्यासाठी डॉज (म्हणजे फ्लिपचा) डेडझोन ०.५० वरून ०.७० ला ने. म्हणजे स्टिक बरीच ढकलल्याशिवाय फ्लिप होणार नाही.

फटका मारताना फ्लिप कधी? बॉल साधारण एका गाडीच्या अंतरावर असताना. नाक पुढे झेपावतं आणि खाली वळतं, त्या पहिल्या तुकड्यातच बॉल लागला पाहिजे. लांबून फ्लिप मारलास तर बॉलपाशी पोचेपर्यंत गाडी पोट वर करून पडलेली असते, बॉलला फक्त मागचा बंपर लागतो आणि फटका मेल्यासारखा जातो. उशीर झाला तर बॉल टपावर चढून मागे जातो. आणि पहिल्या उडीनंतर साधारण सव्वा सेकंदात दुसरी दाबली नाहीस तर ती हक्काची उडी जाते. हवेत नुसतं तरंगायचं.

किकऑफ: ज्याची गाडी बॉलला जवळ, तो जातो. अंतर सारखं असेल तर डावीकडचा जातो. ही सगळीकडे मानली जाणारी पद्धत आहे, तरी ब्राँझमध्ये सगळ्यांना माहीत असतेच असं नाही. म्हणून जाणार असशील तर काउंटडाउन चालू असतानाच क्विक चॅटमधून 'आय गॉट इट' टाक. राहणार असशील तर 'डिफेंडिंग'.

जाणाऱ्याने सुरुवातीपासून बूस्ट धरायचा, वाटेतला छोटा पॅड उचलायचा, अर्ध्यावर एक पुढचा फ्लिप मारायचा, चाकांवर उतरायचं आणि बॉलला लागताना दुसरा फ्लिप. गाडीचा मध्य बॉलच्या मध्यावर. किंचित बाजूला लागलं तर समोरच्याचा जोर बॉल आपल्या गोलच्या दिशेने ढकलतो. स्पीड फ्लिपचे व्हिडिओ सध्या बघू नकोस, तुझ्या रँकला वेळेवर आणि मधोमध पोचणं एवढंच पुष्कळ आहे. राहिलेल्याने आपल्या कोपऱ्यातला मोठा पॅड उचलून लगेच गोलच्या तोंडाशी यायचं. गोलमध्ये उभं राहून वाट बघायची नाही. थांबलेली गाडी हलेपर्यंत बॉल आत.

कोपऱ्यातला_बूस्ट

बॉलकॅमचं उत्तर राहिलं. बहुतेक वेळ चालू. बंद करायचा तो तीन ठिकाणी: बॉल पाठीमागे असताना पुढचा पॅड उचलायला जाताना, बॉल नाकासमोर घरंगळत नेताना, आणि आपला गोल कुठे आहे हे कळेनासं झाल्यावर. 'वाय' एकदा दाबून अर्धा सेकंद पुढे बघायचं, परत दाबायचं. एक आणखी सोय लोक विसरतात: बॉलकॅम चालू ठेवूनही उजव्या स्टिकने इकडेतिकडे बघता येतं. टीममेट मागे आहे की नाही ते बॉलवर जाण्याआधी त्याने तपास.

लांबचा_पोस्ट

फटके सुधारले तरी ब्राँझमध्ये मॅच हरतात त्या वेगळ्याच कारणाने. दोघंही बॉलवर तुटून पडतात, बॉल त्यांच्यामधून निसटतो आणि मागे मोकळं गोल. याला डबल कमिट म्हणतात.

दोघांच्या खेळात कामाची वाटणी खो-खोसारखी ठेव. पाठलाग करणाऱ्याने खो दिला की तो त्या जागी बसतो, पुन्हा स्वतःच धावत सुटत नाही. इथे बॉलला एक फटका मारलास की तुझा खो दिला गेला. आता टीममेट उठणार, तू त्याच्या जागी मागे. फटका चांगला बसो की वाईट. वाईट बसला म्हणून त्याच बॉलमागे पुन्हा वळलास की टीममेट आधीच निघालेला असतो आणि दोघं एकमेकांवर.

मागे यायचा रस्ताही ठरलेला आहे. बॉल ज्या बाजूला त्या बाजूने आत शिरायचं नाही. बॉल डाव्या कोपऱ्यात असेल तर मैदान ओलांडून उजव्या पोस्टकडे, म्हणजे बॉलपासून लांबच्या पोस्टकडे यायचं आणि तिथून बॉलकडे तोंड करायचं. का, ते सांगतो. जवळच्या पोस्टने आलास तर गाडीचं तोंड गोलच्या आत, बॉल पाठीशी, आणि घाईत मारलेला फटका थेट गोलसमोर. शिवाय टीममेटच्या वाटेत तू उभा. लांबच्या पोस्टवरून येताना सगळं मैदान समोर दिसतं, गाडी आधीच पुढच्या दिशेने चालत असते आणि बॉल बाजूच्या भिंतीकडे काढता येतो. बचावात बॉल नेहमी भिंतीकडे काढायचा. मध्ये काढला की तो समोरच्याला वाढून दिलेला असतो.

जायचं की नाही हे ठरवायला एकच प्रश्न: मी प्रतिस्पर्ध्याच्या आधी पोचतो का? नक्की पोचत असशील तर जा. नसशील तर जाऊन उपयोग नाही, ती वरातीमागून घोडं अशी गत. त्याऐवजी बॉल आणि आपला गोल यांच्यामध्ये राहून, गोलकडे तोंड करून, समोरच्याच्या वेगाने मागे सरकत राहा. त्याने बॉल लांब ठोकला की वळून घे. नवशिक्यांच्या पायात बॉल राहत नाही, दोन स्पर्शांत तो स्वतःहून तुझ्याकडे येतो.

डेमोचंही सांगून ठेवतो: सुपरसॉनिक गाडी अंगावर आली की तुझी गाडी फुटते आणि तीन सेकंद तू बाहेर. गोलमध्ये स्थिर उभा राहणारा यात पहिला बळी असतो.

कीबोर्डवाली

कंट्रोलर नसलेल्यांसाठी थोडं. कीबोर्डवर खेळता येतं, चांगलं खेळता येतं. मूळ मांडणी: 'डब्ल्यू' 'एस' पुढे-मागे, 'ए' 'डी' वळण, माउसचं डावं बटण बूस्ट, उजवं जंप, स्पेस बॉलकॅम, डावी शिफ्ट पॉवरस्लाइड आणि हवेत रोल. बूस्ट आणि जंप आधीच वेगवेगळ्या बोटांवर आहेत, त्यामुळे ती अदलाबदल करायची गरज नाही.

अडचण अशी की कळ दाबली म्हणजे स्टिअरिंग पूर्ण वळलेलं, अर्धंमुर्धं काही नाही. म्हणून 'ए' 'डी' धरून ठेवायच्या नाहीत, टिचक्या मारायच्या. फायदा म्हणजे फ्लिप कधी अर्धवट कोनात जात नाही: 'डब्ल्यू' एकटी दाबली की सरळ, 'डब्ल्यू' आणि 'डी' एकत्र की नेमका तिरका.

उलटी_गाडी

आता हवेतल्या खेळाचं. माझं मत: गोल्ड रँकपर्यंत एरियलला (उडून हवेत बॉल मारण्याला) हात लावू नये. ब्राँझमध्ये जो बॉल हवेत गाठायला लोक धडपडतात, तो दोन सेकंदांत जमिनीवर येणारच असतो. हवेत चुकलेला खेळाडू खाली येऊन चाकांवर उभा राहीपर्यंत त्याची टीम एकाने कमी असते.

तिरकी_सोंगटी

इथे माझं जमत नाही. मॅचमध्ये करू नये हे मान्य, पण सराव आत्तापासून रोज दहा मिनिटं हवाच. हवेत गाडी सरळ ठेवायची सवय लागायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, आणि ती नसली की भिंतीवरून पडल्यावरही चाकांवर उतरता येत नाही. गोल्डला पोचून सुरुवात केली तर सगळं पुन्हा पहिल्यापासून.

सुरुवात अशी: स्टिक मागे ओढ, जंप अगदी थोडा वेळ धरून ठेव (साधारण ०.२ सेकंदापर्यंत धरलं तरच उंची वाढते, त्यानंतर धरून उपयोग नाही), नाक वर आलं की बूस्ट. बूस्ट नाकाच्या दिशेने ढकलतो, बॉलच्या दिशेने नाही, हे पक्कं लक्षात ठेव. बॉलवर नाक रोखायचं आणि बूस्ट टिचक्या मारत द्यायचा. सलग दिला की बॉलच्या वरून पार.

हे जमल्यावर फास्ट एरियल: जंप दाबतानाच बूस्ट चालू, स्टिक मागे, नाक वर. मग स्टिक मध्यभागी सोडून दुसरी जंप, बूस्ट चालूच. इथे शंभरातल्या नव्वद जणांची गाडी मागे कोलांटी खाते, कारण दुसऱ्या जंपच्या वेळी स्टिक मागेच ओढलेली असते. मग ती उडी न राहता बॅकफ्लिप होतो. उतरताना पॉवरस्लाइड धरून चाकं टेकव, गाडी थोडी तिरकी पडली तरी वेग मरत नाही.

उलटी_गाडी

दहा मिनिटं ठीक. अर्धा तास नको. फ्री प्लेमध्ये अर्धा तास एरियल केल्यावर पुढच्या मॅचमध्ये हात आपोआप उडीकडे जातो, एवढंच माझं म्हणणं.

बंपरठोक

एरियल मॅचच्या बाहेर दहा मिनिटं, ठरलं. रोज साधारण तासभर मिळतो, तो कसा वाटू? आणि लॅपटॉपवर मध्येच चित्र अडकतं, त्यासाठी काही करता येईल का?

पाव_टाकी

तासाचे तुकडे: पाच मिनिटं पॅडच्या फेऱ्या आणि सरळ फ्लिप, पंधरा मिनिटं फ्री प्लेमध्ये घेर घेऊन फटके (बॉल थांबलेला असताना मारू नकोस, भिंतीवर ठोक आणि परत येणारा घे), दहा मिनिटं एरियल, उरलेल्या वेळात मॅच. दिवसाआड एरियलऐवजी गोलकीपिंगचा एखादा सोपा ट्रेनिंग पॅक. लागोपाठ तीन रँक्ड मॅच हरलास तर चौथी लावू नकोस, कॅज्युअल खेळ. चिडलेला माणूस पहिली गोष्ट विसरतो ती मागे फिरायची.

लॅपटॉपसाठी व्हिडिओ सेटिंग्जमध्ये व्ही-सिंक बंद, मोशन ब्लर, ब्लूम, डेप्थ ऑफ फील्ड, लेन्स फ्लेअर, लाइट शाफ्ट, वेदर इफेक्ट्स सगळं बंद. वर्ल्ड डिटेल 'परफॉर्मन्स'वर. ट्रान्स्परंट गोलपोस्ट्स मात्र चालू ठेव, गोलमध्ये असताना भिंतीआडून बॉल दिसतो. एवढ्यानेही अडकलं तर रिझोल्यूशन एक पायरी खाली.

पण आधी खात्री कर की चित्र अडकतंय की नेट. फ्री प्लेमध्ये सगळं गुळगुळीत चालतं आणि ऑनलाइन मॅचमध्येच बॉल उड्या मारतो, असं असेल तर दोष ग्राफिक्सचा नाही. मॅच शोधताना रिजन स्वतः निवड, सगळ्यात कमी पिंगचा (सर्व्हरपर्यंत कमी उशीर लागणारा). जमेल तर वायफाय सोडून लॅन केबल लाव. केबल नसेल तर राउटरच्या पाच गीगाहर्ट्झच्या बँडवर ये आणि घरातल्यांचं डाउनलोड चालू असताना रँक्ड लावू नकोस.

बंपरठोक

शेवटची एक शंका. काल घड्याळ शून्यावर आलं तरी मॅच चालूच होती आणि त्यात आम्ही गोल खाल्ला. बग आहे का?

लांबचा_पोस्ट

बग नाही, नियम आहे. पाच मिनिटं संपून घड्याळ ०:०० झालं तरी बॉल जमिनीला टेकेपर्यंत खेळ चालू राहतो. भिंतीला किंवा गाडीला लागला तर चालतं, जमीन लागली की संपलं. म्हणून शेवटच्या दहा सेकंदांत तुम्ही पुढे असाल तर बॉल उचलून मारू नका. जमिनीलगत घरंगळत ठेवा किंवा खाली दाबा. मागे असाल तर उलट: भिंतीवर चढवा, टपावर घ्या, काहीही करा पण टेकू देऊ नका. बरोबरी असेल तर ओव्हरटाइम, त्याला वेळेची मर्यादा नाही, पहिला गोल करणारा जिंकतो. तिथे किकऑफला राहणाऱ्याने कोपऱ्यातल्या पॅडकडे जाऊ नये, मधूनच थोडं पुढे यावं. कोपऱ्यातून परत यायला लागणारा दीड-दोन सेकंदाचा उशीर तिथे महागात पडतो.